सुकी रोझमेरी माक्याच्या तेलात कढवावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

नणंदेने पुण्याहून सुक्या रोझमेरीचं मोठं पाकीट पाठवलंय. सांगलीत आमच्या घरी ती पिझ्झ्यावर घालून घालून किती संपणार! म्हणून केसांना वापरायचं ठरलंय. पानं बारीक, कडक आहेत. चुरडली की कापूर आणि निलगिरीच्या मधला काहीतरी वास येतो.

आमच्याकडे तेल सासूबाई करतात. खोबरेल, परसातला माका, जास्वंद, कढीपत्ता, सगळं लोखंडी कढईत घालून चरचर थांबेपर्यंत कढवायचं. त्या म्हणतात, "त्यातच टाक की गं, वेगळा उद्योग कशाला?" मला पटत नाही. माक्यातलं पाणी आटेपर्यंत ही वाळलेली पानं काळी ठिक्कर पडतील आणि वासाबरोबर गुणही उडून जाईल. पण त्यांच्या तेलावर घरातल्या सगळ्यांचे केस पोसलेत, त्यामुळे काहीतरी आधार असल्याशिवाय बोलायची सोय नाही.

पावसाळ्यात मला टायफॉइड झाला, तेव्हापासून केस मूठमूठ गळतायत. डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं, काही महिन्यांत आपोआप थांबेल. त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नाही. ज्याचा सगळे दाखला देतात तो 2015 चा इराणी अभ्यास अनुवंशिक टक्कल असणाऱ्यांवरचा होता. त्यात रोझमेरी तेलाची तुलना 2 टक्के मिनॉक्सिडिलशी (केस उगवण्यासाठी डोक्याला लावायचं औषध) केली होती आणि फरक दिसला तो सहाव्या महिन्यात, तिसऱ्या महिन्यात नाही. शिवाय ते पानांचा अर्क असलेलं तेल. घरी भिजवलेल्या पानांत तेवढा जोर कुठून येणार?

तर विचारायचं असं, की तेलात घालायची तर कधी आणि किती? की नुसतं पाणी करून शेवटी केसांवर ओतावं? विश्रामबागेत बोअरच्या पाण्याने केस आधीच काथ्यासारखे झालेत, तेव्हा ते फिल्टरच्या पाण्यात करावं का? आणि धाकट्या जावेला सातवा महिना आहे, तिला हे चालेल का?

प्रतिसाद: सासूबाईंचं तेल त्यांच्या पद्धतीने होऊ द्या. गाळून घ्या, मग वाटीभर तेलात दोन चमचे रोझमेरी घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात तासभर ठेवा. आच मंद. पुन्हा मलमलच्या फडक्यातून गाळा. बरणी कोरडी ठणठणीत हवी, नाहीतर बुरशी धरते. रोझमेरीचं पाणी करणार असाल तर फिल्टरचंच घ्या, झाकण ठेवून मुरू द्या. ते पाणी फ्रिजमध्ये ठेवलंत तरी तीन-चार दिवसांत संपवा. जावेला तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रतिसाद: कोंडा असेल तर तेल रात्रभर ठेवू नका, वाढतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. आणि हिमोग्लोबिन तपासलंत का? टायफॉइडनंतर तेलापेक्षा ते आधी बघा.

धागाकर्ती: कोंडा नाही. रक्त उद्याच तपासते. "गाळल्यावर घालू" म्हटलं तर सासूबाई "चालतंय की" म्हणाल्या, पण कढईला हात लावायचा नाही या अटीवर. खोबरेल थंडीत गोठतं, तर डिसेंबरात निम्मं तिळाचं घातलं तर चालेल का?