रोजच्या सरावाला कार्बन प्लेटचा जाड शू: घ्यायचा की शर्यतीपुरताच ठेवायचा?

घाटपळ्या (धागाकर्ता)
जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यातच सुरू होते आणि त्याच सुमारास धावणाऱ्यांच्या ग्रुपवर 'कार्बन (तळात कार्बनतंतूची ताठ प्लेट असलेला शू) घेऊ का?' हा प्रश्न फिरायला लागतो. माझं मत आधीच मांडतो, मग तुटून पडा.

शर्यतीचा हलका, नाजूक कार्बन शू वेगळा आणि सरावासाठी बनवलेला जाड, दणकट कार्बन शू वेगळा. हा धागा दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. नायकीचा झूम फ्लाय, असिक्सचा मॅजिक स्पीड, प्युमाचा डिव्हिएट नायट्रो, होकाचा स्कायवर्ड एक्स ही त्यातली मंडळी. टाचेखाली साधारण ४० मिमी जाडी, काहींत त्याहूनही जास्त. वजन अडीचशे ग्रॅमच्या आगेमागे, स्कायवर्डसारखे त्याहून जड. तळाला रबर शर्यतीच्या शूपेक्षा बरंच जास्त.

आठवड्याला ५० किमी धावणाऱ्याने असा एक जोड ठेवावाच असं मला वाटतं. टेम्पो (सलग, दमदार वेगाचं धावणं) आणि लाँग रनला तो, बाकीच्या दिवशी साधा गुबगुबीत शू. २८-३० किमीच्या लाँग रननंतर मांड्या कमी ठणकतात, म्हणून मंगळवारचा सराव बुडत नाही. दुसरं म्हणजे शर्यतीला कार्बन घालणार असाल तर पोटरीला आणि चवड्याला त्या ताठ तळाची सवय आधीपासून हवी. थेट शर्यतीच्या दिवशी खोक्यातून काढलेला शू ३२ व्या किमीला पोटऱ्या धरतो.

मंदगती
तुमचं गणित कोणत्या पेसचं (किमीला किती मिनिटं) आहे तेवढं सांगा. नायकीच्या व्हेपरफ्लाय या शर्यतीच्या कार्बन शूचा २०१७ चा तो गाजलेला '४ टक्के' ऊर्जाबचतीचा आकडा ताशी १४, १६ आणि १८ किमी वेगाने धावणाऱ्यांवर मोजलेला आहे. १४ म्हणजे किमीला साधारण ४:१७. आपल्याकडे फुल मॅरेथॉन साडेचार तासांत करणारा माणूस ६:२० च्या पुढे-मागे धावतो. २०२३ मध्ये हेच मोजमाप संथ वेगावर झालं. ताशी १२ ला सरासरी बचत १.४ टक्के, ताशी १० ला ०.९ टक्के. ही सरासरी आहे हे विसरू नका. काहींना साध्या शूपेक्षा जास्तच ऑक्सिजन लागला. आणि ऑक्सिजनमधली एक टक्का बचत म्हणजे वेळेत एक टक्का कपात नव्हे. संथ पेसला पाय जमिनीवर जास्त वेळ असतो, टाच आधी टेकते, आणि पुढचा वळणदार आकार जिथे ढकलायला हवा तिथे तुम्ही पोचेपर्यंत मजा संपलेली असते. सहाच्या पेसला लाँग रन करणाऱ्याने प्लेटचे पैसे का मोजावेत?

फोमवाला
दोघेही प्लेटवरच अडकलात. व्हेपरफ्लायच्या चवड्याखालची प्लेट करवतीने आडवी सहा ठिकाणी कापून प्रयोगशाळेत तपासलेली आहे. तळ लवचिक झाला, पण ऊर्जेच्या खर्चातला फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तोही संख्याशास्त्रात न टिकणारा. बचत मुख्यतः फोमची आहे: पेबा जातीचा फोम हलका असतो आणि दाबलेली ऊर्जा इव्हीएपेक्षा (साध्या शूंमधला नेहमीचा फोम) जास्त परत करतो.

म्हणून 'कार्बन' हा शब्द वाचून पैसे देऊ नका. २०१९ च्या झूम फ्लाय ३ मध्ये कार्बन प्लेट पूर्ण होती, पण फोम रिअॅक्ट, म्हणजे नायकीचा साधा फोम. प्लेट खरी, चाल निबर. झूम फ्लाय ६ मध्ये पायालगत झूमएक्स (नायकीचा पेबा फोम) आहे आणि खाली कडक फोमची चौकट, त्यामुळे नाव तेच, शू वेगळा. उलट सॉकनीच्या एंडॉर्फिन स्पीडमध्ये नायलॉनची प्लेट आहे, अॅडिडासच्या बोस्टन १२ मध्ये काचतंतूच्या कांड्या, आणि असिक्सच्या सुपरब्लास्टमध्ये प्लेटच नाही. सरावाला हे तिन्ही उत्तम चालतात.

दुकानात विचारायचे प्रश्न दोनच: पायालगतचा थर कोणत्या फोमचा, आणि तो टाचेपासून चवड्यापर्यंत सलग आहे की नुसता वरून चोपडलाय? विक्रेत्याला सांगता आलं नाही तर अंगठ्याने कडेचा फोम दाबून बघा. दोन थरांचा कडकपणा लगेच हाताला लागतो.

घाटपळ्या
फोमबद्दल मान्य. पण ४० मिमी मऊ फोम बिनप्लेटचा ठेवला तर चवडा खाली रुततो आणि घोटा आत-बाहेर डुलतो. मग कंपन्यांना तळ रुंद करावा लागतो, वजन वाढतं. प्लेट तिथे लगाम म्हणून काम करते. स्प्रिंग म्हणून तिची जाहिरात होते ती अतिशयोक्ती, पण ती फुकटची नाही. @मंदगती, तुमचे आकडे बरोबर, पण ते ऑक्सिजनचे आहेत. मी बोलतोय दुसऱ्या दिवशीच्या पायांबद्दल.

मंदगती
दुसऱ्या दिवशीचे पाय सुपरब्लास्टमध्येही ताजे राहतात की. तिथे तर प्लेट नाही! मग श्रेय कोणाचं?

तळपाय_तज्ज्ञ
कोणी इजेबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. ताठ तळात अंगठ्याच्या मुळाचा सांधा कमी वाकतो. तिथलं काम नाहीसं होत नाही, पायात दुसरीकडे सरकतं, आणि मधल्या पायाच्या हाडांवरचा ताण बदलतो. २०२३ मध्ये कार्बन शू वापरणाऱ्या पाच धावपटूंमधल्या नॅव्हिक्युलर हाडाच्या ताण-इजा वैद्यकीय साहित्यात नोंदवल्या गेल्या. हे हाड घोट्याच्या पुढे, पायाच्या कमानीच्या माथ्यावर असतं. रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून यायला महिने लागतात.

ओळखायची खूण: घोट्याच्या थोडं पुढे, पायाच्या वरच्या बाजूला बोटाने दाबलं की एका नाण्याएवढ्या जागेत नेमकं दुखतं. एका पायावर उडी मारली तर जास्त. असं असेल तर त्याच दिवशी धावणं बंद. साध्या एक्स-रेत हे बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून पुन्हा रस्त्यावर उतरणं हीच यातली नेहमीची चूक.

वापरायचाच असेल तर चढत्या क्रमाने. पहिल्यांदा २० मिनिटं हलकं धावणं आणि शेवटी १०० मीटरच्या ५-६ धावा. तीन-चार दिवस पोटरी, टाचेची शीर आणि तळवा काय म्हणतात ते बघा. दुसऱ्या आठवड्यात टेम्पोची १५-२० मिनिटं. तिसऱ्या-चौथ्यात लाँग रनचे फक्त शेवटचे ८ किमी. पुढे आठवड्यातून एकदाच. सोबत एका पायावर टाच उचलणं, १५ चे ३ संच, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून दोन्ही. टाच-चवडा उंचीतला फरक १० मिमीवरून ५-६ वर येत असेल तर टाचेची शीर आधी तक्रार करते, तिथे हे सगळं दुप्पट सावकाश.

सकाळी_पाच
पाच जणांच्या नोंदीवरून नियम बनवणं अति होतंय. नॅव्हिक्युलरची इजा साध्या शूमध्येही होते, आणि त्या पाचांचं साप्ताहिक अंतर, हाडांची घनता, खाणंपिणं हे सगळं यात येतं. शूला एकट्याला फाशी देऊ नका. जाड फोममुळे दर पावलाचा दणका कमी जाणवतो, म्हणून लोक सराव वाढवतात, आणि इजा वाढलेल्या सरावाने होते.

तळपाय_तज्ज्ञ
नियम नाही बनवला, 'आठवड्यातून एकदा' म्हटलंय. बाकी तुमचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूने जातं. दणका जाणवत नाही म्हणूनच तो शू रोज नको.

कासचा_वारा
सगळे सपाट रस्ता धरून बोलताय. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन घ्या: यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरायचा. चढावर वेग कमी, म्हणजे @मंदगती म्हणतात तसा फायदा आकसतो. उतारावर उंच तळ आणि अरुंद टाच असेल तर प्रत्येक वळणावर घोटा बाहेर पडायला बघतो. मऊ टाच एका कडेला जास्त दबते आणि प्लेट पायाला सावरू देत नाही. घाटाच्या सरावाला ३५ मिमीच्या आतला, रुंद टाचेचा शू बरा. मुंबईत तो प्रश्न नाही, तिथे पेडर रोड हाच काय तो चढ. चढ तसा छोटा, पण फुल मॅरेथॉनवाल्यांना परतीच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात येतो म्हणून बदनाम.

दुकानात एवढं कराच:
संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. धावायचेच मोजे न्या. अंगठ्यापुढे नखाएवढी मोकळी जागा हवी. चवडा रुंद असेल तर आतलं इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहा. करंगळी कडेबाहेर जात असेल तर तो शू सोडा, अर्धा नंबर वाढवून काम भागत नाही. नंबर वाढवला की वाकण्याची जागा पुढे सरकते आणि प्लेटचं वळण चुकीच्या ठिकाणी येतं. मग एका पायावर अर्धं बसून बघा, आळीपाळीने दोन्ही पायांवर. गुडघा आणि घोटा आत कोसळत असेल तर ४० मिमी तुमच्यासाठी नाही. शेवटी टाच धरून पुढचा भाग वाकवून बघा. वाकणार नाहीच, पण दोन्ही शू सारखेच ताठ वाटले पाहिजेत.

आणि तळ उलटा करून बघा. मध्ये खोबणी असेल तर वाटेतले खडे त्यात बसतात आणि उघडा फोम कुरतडतात. पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर उघडा फोम साबणासारखा सरकतो, चवड्याखाली रबर सलग हवं.

सकाळी_पाच
@कासचा_वारा, इनसोलची युक्ती बरोबर, पण काही शूंमध्ये ते चिकटवलेलं असतं. ओढून फाडू नका, दुकानदार जोड गळ्यात मारेल.

फोमवाला
आयुष्याबद्दल. ४५० किमी वापरल्यावर पेबा फोमचा फायदा नव्या जोडीपेक्षा घटतो असं तपासात दिसलंय, साध्या इव्हीएत नव्या-जुन्याचा फरक जवळपास नाही. मग हिशोब करा. १५ हजारांचा जोड ५०० किमी म्हणजे किमीला ३० रुपये. ८ हजारांचा साधा जोड ७०० किमी म्हणजे साडेअकराच्या आत. सावकाश धावायच्या किलोमीटरवर हे तीस रुपये उधळण्यात काय अर्थ?

शू संपला हे प्लेटवरून कळत नाही, ती ताठच राहते. दोन्ही शू टेबलावर शेजारी ठेवून मागून बघा. टाच आत किंवा बाहेर कललेली असेल, फोमच्या कडेला पडलेल्या आडव्या सुरकुत्या रात्रभर ठेवूनही भरत नसतील, तर तो टेम्पोला संपला. ओला शू गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका. उष्णतेने डिंक सुटतो, फोम आक्रसतो. इनसोल काढा, कागद कोंबा, पंख्याखाली ठेवा. सेलमधला जुना साठा घेताना जिभेच्या आतल्या लेबलावर बनवल्याची तारीख असते, ती वाचा.

घाटपळ्या
तीस रुपये सावकाश धावायला नाहीतच, मी टेम्पो आणि लाँग रन म्हटलंय. मात्र @तळपाय_तज्ज्ञ यांचं 'एकदाच' जड जातंय. आठवड्याला दोन वेगवान सराव असतील तर दुसऱ्याला काय घालायचं?

तळपाय_तज्ज्ञ
नायलॉन प्लेटचा किंवा बिनप्लेटचा. इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत मारलेल्या वेगवान फेऱ्या) त्यात, लाँग रनचा शर्यतीच्या पेसचा भाग कार्बनमध्ये.

सकाळी_पाच
मी असतो तर उलट केलं असतं. इंटरव्हलला पेस जास्त, म्हणजे प्लेट तिथे कामाला येते, आणि अंतर कमी, म्हणून ताणही कमी. लाँग रनला साधा शू घालून पाय घट्ट होऊ द्यावेत. केनियात काप्तागातला (तिथल्या अव्वल धावपटूंचं सरावाचं गाव) बराचसा सराव मातीच्या रस्त्यांवर होतो, आपण डांबरावर आणि सिमेंटवर धावतो म्हणून जाडीचा मोह पडतो.

मंदगती
मातीच हवी तर पुण्यात तळजाईला या. शू कोणताही चालेल, फक्त पावसात नका येऊ.

कासचा_वारा
@सकाळी_पाच, इंटरव्हल ट्रॅकवर असतील तर ४० मिमीच्या शूने वळणं घ्यायला नकोत, सगळ्या फेऱ्या एकाच बाजूला वळतात, आतल्या घोट्याची वाट लागते. सरळ रस्त्यावर ८०० मीटरच्या फेऱ्या मारत असाल तर तुमचं पटतं.