मदत हवी आहे: डोमोडोसोलाचा शनिवारचा बाजार आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सांगलीहून दीड महिन्यासाठी आमच्याकडे स्वित्झर्लंडमधल्या बर्नला आले आहेत. हिमशिखरे, सरोवरे, रोपवेच्या पाळण्यातून वर जाणे हे सगळे करून झाले, तेव्हा परवा बाबा म्हणाले, "बर्फ पुष्कळ झाला, आता इथली माणसे कुठे जमतात ते दाखव." त्यांची हयात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिण्यात गेली असल्यामुळे बाजार पाहिल्याशिवाय गाव पाहिल्यासारखे त्यांना वाटतच नाही. म्हणून येत्या शनिवारी आल्प्सखालच्या सिम्प्लॉन रेल्वे बोगद्यापलीकडच्या, इटलीतील ओसोला खोऱ्यातल्या डोमोडोसोला येथे त्यांना न्यावे असे ठरवत आहे.

गाव छोटे, सुमारे १८ हजार वस्तीचे. पण तिथल्या बाजाराला राजा बेरेंगार पहिला याने ९१७ साली परवानगी दिली आणि तो आजही शनिवारीच भरतो, हे ऐकून बाबा लगेच तयार झाले. ओसोलाला मिळणाऱ्या सात खोऱ्यांतले लोक आपला माल घेऊन इथे उतरत, म्हणजे आपल्याकडच्या घाटाखालच्या पेठेसारखाच प्रकार. बाजारचौकातली कमानींची जुनी घरेही त्यांना दाखवायची आहेत.

शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो आणि गाडीत तपासणी होऊ शकते म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावे लागतात, एवढे मला ठाऊक आहे. अडचण वेगळी आहे. जाताना सिम्प्लॉनमार्गे आणि येताना चेंतोव्हाल्ली या डोंगरी रेल्वेने स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोला उतरून बर्न, असा फेरा एका दिवसात करावा असा माझा बेत होता. पण ती ५२ किलोमीटरची वाटच जवळजवळ दोन तास घेते आणि पुढे घर गाठायला आणखी साडेतीन तास लागतील. आईच्या गुडघ्यांना हे झेपेल का? साक्रो मोंते काल्व्हारियो या टेकडीवरची प्रार्थनामंदिरे पायी चढण्याशिवाय पाहता येतात का? शिवाय दोघेही शाकाहारी आहेत, तेव्हा तिथे खायला काय मागावे, आणि चीज घ्यावे की नाही, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
मी दोनदा गेलो आहे. सकाळी लवकर पोहोचा. बाजार एका चौकापुरता नसून आजूबाजूच्या गल्ल्यांतून पसरतो आणि दुपार कलली की मजा ओसरते. साक्रो मोंतेची वाट दगडी फरसबंदीची आणि चढाची आहे. टॅक्सीने वर जा आणि आईंना जमले तरच उतरताना थोडे चाला. जेवायला 'न्योक्की आला ओसोलाना' (ओसोला पद्धतीचे उकडलेले पिठाचे छोटे गोळे) मागा. त्यात चेस्टनटचे पीठ आणि भोपळा असतो, मात्र वरच्या रश्श्यात डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, हे आधी विचारा. बेत्तेलमात्त हे उन्हाळ्यात उंच कुरणांवर होणारे तिथले नावाजलेले चीज आहे, पण ते वासराच्या रेनेटने (पोटातून मिळणाऱ्या, दूध गोठवणाऱ्या पदार्थाने) विरजतात. बाबा कडक शाकाहारी असतील तर त्यांना आधीच सांगा. कोइमो गावचा राय या धान्याचा काळा पाव मात्र बिनधास्त घ्या.

संपूर्ण फेरा मात्र करू नका. चेंतोव्हाल्लीच्या गाडीने सांता मारिया माज्जोरे या गावापर्यंतच जा आणि तिथूनच परत डोमोडोसोलाला या. पाऊण तासात गाडी २७० मीटरवरून ८०० मीटरच्या वर चढते. खरी गंमत त्या चढातच आहे.

धागाकर्ती:
मनापासून आभार. लोकार्नोचा बेत रद्द केला. चीजचे सांगितल्यावर बाबांचे उत्तर: "खाणार नाही, पण भाव तर विचारू."