फक्त पगाराचा प्रश्न नाहीये
अमेरिकन एअर फोर्सचे पायलट निव्वळ एअरलाईनच्या पगारासाठी नोकरी सोडून जातात असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. २००६ च्या सुमारास नवीन विमानांसाठी पैसा काढायला एअर फोर्सने ४० हजार जागा कमी करायला घेतल्या, त्यात ऑफिसातली माणसं गेली आणि कागदपत्रं पायलटांच्याच गळ्यात पडली. रात्रभर टँकर (दुसऱ्या विमानांत हवेतच इंधन भरणारं विमान) उडवून आलेला माणूस प्रवासभत्त्याचा क्लेम स्वतःच ऑनलाईन भरत बसतो, एक पावती नीट दिसत नाही म्हणून तो क्लेम परत येतो, आणि तोवर प्रवासखर्चाच्या सरकारी कार्डाचं बिल मात्र त्याच्याच नावावर चढलेलं! २०१६ मध्ये जनरल गोल्डफीन एअर फोर्सचे चीफ (प्रमुख) झाल्यावर ही जादा कामं कमी करायचे आदेश निघाले, चांगलंच झालं, पण मला विचाराल तर आधी पुरेसे कारकून परत द्या, पायलटांना थांबवायला द्यायच्या बोनसचं नंतर बघू.