मदत हवीये: रॉक गाण्याच्या शब्दांनीच काम केलं असं एखादं उदाहरण?

रॉक आणि राजकारण यावर वीस मिनिटं बोलायचंय, एका जागी अडकलोय. 1978 चा लंडनचा व्हिक्टोरिया पार्क घेतला, रॉक अगेन्स्ट रेसिझम या वंशवादविरोधी मोहिमेच्या कार्यक्रमाचा, द क्लॅश हा बँड वाजवत होता, पण तिथे काम केलं ते मोर्चा आणि गर्दीने. मग प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स हा बँड, 1976 मध्ये चेकोस्लोव्हाकियात बँडवाल्यांना पकडलं आणि त्यातून चार्टर 77 हे मानवी हक्कांसाठीचं आंदोलन उभं राहिलं, पण गंमत म्हणजे त्यांची गाणी थेट राजकीय नव्हतीच, सरकारनेच त्यांना राजकीय करून टाकलं! आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' तर उलटंच, कडव्यांत व्हिएतनामहून परतलेला बेकार सैनिक आहे पण लोक मुठी वळून फक्त ध्रुवपद ओरडतात, 1984 च्या निवडणूक प्रचारात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगननीही स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं.

म्हणजे मैफलीने काम होतं, अटकेने होतं, शब्द मात्र हवेत विरतात. लाइव्ह एडसारखी मदतनिधीची मैफल नको, तो निधीचा मामला. फोक, हिपहॉपही नको, भाषा कुठलीही चालेल. गाण्याचे शब्द नीट कळून लोकांनी काही ठोस केलं, आणि त्याची नोंदही आहे, असं एखादं रॉक गाणं कुणाला माहितीये का?