मदत हवी आहे: 'विंडो' म्हणजे वाऱ्याचा डोळा, मग आपल्याकडे?

नमस्कार मंडळी. मुलीला इंग्रजी शिकवताना 'विंडो'पाशी अडकले आहे.

हा मुळात जोडशब्द. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतला 'विंडाउगा': 'विंड' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. तिथल्या व्हायकिंग दर्यावर्दींबरोबर तो इंग्लंडात गेला आणि 1200 च्या सुमारास इंग्रजीत रुळला. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत स्वतःचा शब्द होताच, 'एग्‌थिर्ल', म्हणजे डोळ्याचं भोक. त्यातलं 'थिर्ल' अजून 'नॉस्ट्रिल'मध्ये लपून बसलंय: नाकाचं भोक! जर्मन मात्र लॅटिनवरून आलेलं 'फेन्स्टर'च वापरतात.

हे वाचताना संस्कृत आठवलं. गवाक्षात बैलाचा डोळा, वातायनात वारा. नॉर्स लोकांनी एका शब्दात बसवलेलं आपण दोन शब्दांत वाटून घेतलंय. पण हे दोन्ही पुस्तकी. घरात कोण म्हणतं 'वातायन लाव, डास येतात'?

तर विचारायचं असं: तुमच्या भागात खिडकी, झरोका किंवा माळवदाच्या साण्याला (मातीच्या सपाट छतातल्या उजेडाच्या भोकाला) असा शब्द आहे का, ज्यात डोळा किंवा वारा डोकावतो? गावाचं नावही सांगा. आणि 'खिडकी'ची व्युत्पत्ती कोणी नीट समजावेल का?