विषाणूसारख्या कणांच्या लसी: मराठवाड्यात पैसा आधी कशावर?

गोदाकाठ, नांदेड
गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरच्या लसीचं नाव काढलं की आमच्याकडं पालक विचारतात, "पोरीला विषाणूच टोचायलेत ना?" नाही. विषाणूच्या कवचातलं एल-१ हे एकच प्रथिन यीस्टमध्ये बनवतात. त्याचे ३६० रेणू आपोआप जुळून सुमारे ५५ नॅनोमीटरचा पोकळ गोळा तयार होतो. आत जनुकं नाहीत, म्हणून तो वाढूच शकत नाही. बाहेरून मात्र शरीराला खरा विषाणूच वाटतो. हिपॅटायटिस बीची लस १९८६ पासून असल्याच कणांची आहे. ऑक्सफर्ड आणि पुण्याच्या सिरमची आर२१ लस त्याच कणावर मलेरियाच्या परजीवीचा तुकडा बसवते. पुढची पायरी कॅन्सरच्या उपचाराची. त्यात आपण आत्ताच पैसा घालावा, असं माझं ठाम मत आहे.

उपकेंद्रातली ताई, धाराशिव
सर, मला हे पटत नाही. आमच्याच जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. आज माझ्या गावांत ती चाचणी कुठंय? जे सिद्ध झालंय ते आधी पोचवा.

औषधवाला, लातूर
ताईंशी सहमत. शिवाय रोखणं वेगळं, बरं करणं वेगळं. आजची एचपीव्ही लस झालेला कॅन्सर बरा करत नाही. चवळीवरच्या विषाणूचे कण थेट गाठीत टोचून तिथली प्रतिकारशक्ती जागी करायचं काम कॅलिफोर्नियात चालू आहे. उंदरांत आणि पाळीव कुत्र्यांत परिणाम दिसले. पण माणसांसाठी ते औषध अजून मंजूर नाही. दुसरी अडचण म्हणजे शरीर तुकडा किंवा औषध वाहून नेणाऱ्या कणाविरुद्धच प्रतिपिंडं (परक्या गोष्टींशी लढणारी प्रथिनं) तयार करू शकतं. "नॅनो" ऐकून कुणी रेडिएशन अर्धवट सोडलं तर जबाबदार कोण?

गोदाकाठ, नांदेड
दादा, रेडिएशन सोडू नये, यात दुमत नाही. पण ताई, चाचणी तिशीनंतरची आणि लस ९ ते १४ वर्षांच्या मुलींची. एकीसाठी दुसरी का अडवायची?

ऊसतोड्याची लेक, बीड
मला या कणांचं मोल वेगळ्याच कारणासाठी वाटतं. दसऱ्यानंतर आमची माणसं कारखान्यावर जातात, पोरी सोबत जातात. सहा महिन्यांनी दुसरा डोस म्हटलं की तो बुडालाच. भारतात एचपीव्ही लसीचाच एक अभ्यास झाला, बार्शीही त्यात होतं; २०१० मध्ये सरकारनं लसीकरण थांबवलं आणि जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळाला. पुढं १० वर्षं पाहिलं तर एचपीव्ही १६ आणि १८ या कॅन्सर घडवणाऱ्या मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून त्यांना दोन-तीन डोसवाल्यांइतकंच संरक्षण होतं. कणावर एकच आकार ओळीनं, दाटीनं मांडलेला असतो. त्यामुळं प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं टिकतात, असं संशोधक मानतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही २० वर्षांपर्यंतच्या मुलींना एक डोस चालेल असं सांगितलं. गावाला पोळ्याच्या सुमारास लस आली तर आमची एकही पोर सुटणार नाही.

उपकेंद्रातली ताई, धाराशिव
एका डोसचं मान्य, ताई. मग त्याच दिवशी, त्याच उपकेंद्रात तिच्या आईची चाचणीही ठेवा. चवळीच्या विषाणूला पैसे मात्र त्यानंतर.