मदत हवी आहे: पश्चिम आशियाची आकडेवारी जोडताना देश गळतायत

वाळवंटी
एमएच्या डेझर्टेशनसाठी पश्चिम आशिया घेतलाय, १९९० ते २०२०. तेलाचा आणि लोकशाहीचा संबंध. दोन्ही फायली एक्सेलमध्ये जोडल्या तर १८ पैकी १३च देश उरतात. शिवाय दोन देशांच्या लोकशाहीची सरासरी उणे दहाच्याही खाली जाते. रिग्रेशनमध्ये (तेलावरून लोकशाहीचा अंदाज बांधणाऱ्या गणितात) वाट्टेल ते येतंय. दहा दिवसांत प्रकरण द्यायचंय. 'आधी सिद्धांत वाच' नको, तो वाचून झालाय. लवकर सांगा.

अक्षांश
कुठल्या दोन फायली? लोकशाही म्हणजे कुणाचा निर्देशांक? १८ देश कुणाच्या यादीतले? नावाने जोडल्या की कोडने? जोडल्यावर ओळी किती आल्या? एवढं गुलदस्त्यात ठेवलं तर कुंडलीच मांडावी लागेल.

वाळवंटी
सगळे वापरतात त्याच हो. तेलाची जागतिक बँकेची, लोकशाहीची पॉलिटी (देशांच्या राजवटींना दरवर्षी गुण देणारा निर्देशांक). नावाने, व्हीलुकअप (एक्सेलचं शोधून आणणारं सूत्र). यादी संयुक्त राष्ट्रांची. ओळी ३७४.

मेर्केटर_विरोधी
नकाशा करताना मर्केटर प्रक्षेपण चुकूनही घेऊ नका. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ १४ पट आहे. देशांना आकड्यांप्रमाणे रंग द्यायचे असतील तर समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळाचं प्रमाण राखणारं, प्रक्षेपणच हवं. आणि एकूण तेल उत्पादनाला रंग देऊ नका, दरडोई आकड्याला द्या. नाहीतर मोठा देश उगाचच भडक दिसतो.

वाळवंटी
नकाशा कुणी मागितलाय? आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

तळटीप
३७४ हा आकडाच सगळं सांगतोय. पॉलिटीची मालिका २०१८ला थांबते, म्हणजे १९९०पासून २९ वर्षं. १३ × २९ = ३७७. त्यात जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान यांची नोंद १९९१पासून, म्हणून तीन वजा. बरोबर ३७४. वर्षं नीट जुळलीत, बिघाड फक्त नावांत आहे.

गळालेले पाच सांगू का? सीरिया, येमेन, तुर्कस्तान, यूएई, पॅलेस्टाइन. बँकेकडे सीरिया 'सीरियन अरब रिपब्लिक' असतो, पॉलिटीत नुसता 'सीरिया'. येमेनपुढे बँक स्वल्पविराम देऊन 'रिप.' लावते. तुर्कस्तानचं नाव बँकेने बदलून 'तुर्किये' केलंय, पॉलिटीत जुनंच आहे. यूएई एकीकडे पूर्ण नावाने, दुसरीकडे आद्याक्षरांनी. पॅलेस्टाइन बँकेकडे 'वेस्ट बँक अँड गाझा' या नावाखाली आहे, आणि पॉलिटीत तो नाहीच. म्हणजे डोकं आपटलं तरी १७च येणार.

व्हीलुकअपमध्ये चौथ्या जागी 'फॉल्स' टाकलंय ना? ते राहिलं तर एक्सेल जवळपासचं नाव पकडून भलत्याच देशाचा आकडा देतं, आणि चूक म्हणून काही दाखवतही नाही.

वाळवंटी
बाप रे, अगदी तेच पाच. फॉल्स टाकलंय. मग हाताने नावं बदलू?

काटेकोर
हाताने बदलू नका. उद्या बँकेची फाइल पुन्हा उतरवली की पहिले पाढे पंचावन्न. एक्सेल सोडा, 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर घ्या, त्यात 'कंट्रीकोड' पॅकेज आहे. एका ओळीत नावांचे कोड होतात.

तळटीप
दहा दिवसांत 'आर' शिकायला लावताय होय? १८ देशांसाठी तोफ कशाला? तिसरी शीट उघडा, तीन कॉलम करा: बँकेतलं नाव, पॉलिटीतलं नाव, आयएसओचा (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा) तीन अक्षरी कोड. दोन्ही फायलींत या शीटवरून कोड आणा, मग 'कोड-वर्ष' अशी एक किल्ली करून तिच्यावर जोडा. मूळ फायलींना हात लावायचा नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.

काटेकोर
अर्धा तास आत्ता. गाईडने उद्या 'जगातले सगळे देश घे' म्हटलं की? पॉलिटीतले कोड आयएसओचे नाहीत, 'कोरिलेट्स ऑफ वॉर' या युद्धांच्या माहितीसाठ्याच्या धर्तीवरचे आहेत. तिथे इराण ६३०, इराक ६४५, कुवेत ६९०. शिवाय कोसोव्होला अधिकृत आयएसओ कोडच नाही. हे हाताने करणारा रडतो.

तळटीप
ते जगाचं झालं. प्रश्न पश्चिम आशियाचा आहे.

अक्षांश
तुम्ही दोघं भांडा, मी उणे दहाचं बघतो. पॉलिटीचा गुणांक -१० ते +१०, त्यामुळे सरासरी त्याखाली जाणं शक्यच नाही. तुम्ही 'पॉलिटी' नावाचा कॉलम घेतलाय, 'पॉलिटी२' नाही. पहिल्यात -६६, -७७, -८८ हे गुणांक नसून खुणा आहेत. -६६ म्हणजे परकीय ताबा, -७७ म्हणजे मध्यवर्ती सत्ता कोलमडलेली, -८८ म्हणजे संक्रमण. कुवेतची १९९०ची ओळ उघडा, इराकची २००३ची उघडा. तिथे -६६ बसलेला दिसेल.

समजा एका देशाची ३० वर्षं, त्यातली २५ वर्षं -७ आणि पाच वर्षं -६६. सरासरी येते -१६.८. आणि एकच -६६ असेल तर? -८.९७. हा जास्त घातक, कारण तो मर्यादेत बसतो आणि कुणाला संशयही येत नाही.

'पॉलिटी२'मध्ये -६६ रिकामं ठेवतात, -७७चं शून्य करतात, आणि -८८च्या वर्षांना आधीच्या-नंतरच्या गुणांकांमधले टप्पे वाटून देतात. आता सत्ता कोलमडलेल्या देशाला शून्य, म्हणजे -७च्या राजेशाहीपेक्षा वरचा गुण. हे पटत नसेल तर ती वर्षं रिकामी ठेवून गणित पुन्हा करा आणि दोन्ही उत्तरं छापा.

काटेकोर
म्हणूनच पॉलिटी सोडा, व्ही-डेम घ्या, तोही लोकशाहीच मोजतो. निर्देशांक ० ते १, २०१८च्या पुढेही चालू, प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या अनिश्चिततेची वरची-खालची मर्यादा. पॅलेस्टाइनही मिळेल, फक्त वेस्ट बँक आणि गाझा वेगवेगळे.

वाळवंटी
सारांशात पॉलिटी लिहून मंजुरी घेतलीय. बदलता येत नाही.

अक्षांश
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं असतं. मग शीर्षकातलं २०२० कापून २०१८ करा.

आणि ती १८ देशांची यादी. संयुक्त राष्ट्रांच्या 'पश्चिम आशिया'त जॉर्जिया, आर्मेनिया, सायप्रस येतात, पण इराण येत नाही, तो 'दक्षिण आशिया'त आहे. इजिप्त 'उत्तर आफ्रिके'त. जागतिक बँकेच्या 'मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका' गटात इराण, इजिप्त, अगदी माल्टासुद्धा आहे, पण तुर्कस्तान नाही. २०२५मध्ये बँकेने अफगाणिस्तान आणि पाकिस्तानही त्याच गटात हलवले. त्यामुळे बँकेची 'प्रदेश सरासरी' उचलली असेल तर ती कुठल्या देशांची आहे ते बघा. तेलावर लिहायचं आणि इराण नाही? तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येईल.

पाटपाणी
अवांतर: 'मध्यपूर्व' हा शब्दच टाकून द्या. कुणाच्या पूर्वेला? १९०२मध्ये अमेरिकन नौदल अधिकारी माहान याने तो रूढ केला, इराणच्या आखाताभोवतीचा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून. आपल्याला तो भाग पश्चिमेला आहे.

तळटीप
धागाकर्त्याने 'पश्चिम आशिया'च लिहिलंय. शीर्षक तरी वाचा.

मूळपुरुष
हे सगळं गणित कशासाठी? तीन देश घ्या: कुवेत, कतार, जॉर्डन. तिन्ही राजेशाह्या. पहिल्या दोघांकडे तेल-वायू, जॉर्डनकडे जवळजवळ काही नाही. तरी १९६३पासून निवडून आलेली नॅशनल असेंब्ली कुवेतकडे होती, ती वारंवार बरखास्त झाली आणि २०२४मध्ये स्थगित. कुवेत-कतारचं तेल सारखं, संसद वेगळी. हे तुमच्या गुणांकात नीट दिसत नाही.

काटेकोर
तीन देशांवरून काय सिद्ध करणार? शिवाय तुम्ही देश निकाल बघून निवडलेत.

मूळपुरुष
आणि सतरा देशांवरून तुम्ही काय सिद्ध करणार?

वाळवंटी
कोडची शीट केली. १७ देश, ४९० ओळी. इराण घातला, आता ५१९. 'पॉलिटी२' घेतल्यावर सरासऱ्या ताळ्यावर आल्या. पण देशांचे फिक्स्ड इफेक्ट टाकले की तेलाचा गुणक (तेलाचा परिणाम किती ते सांगणारा आकडा) जवळजवळ शून्य होतो. चुकलं का काही?

अक्षांश
हे आधी सांगितलं असतं तर! चूक नाही. फिक्स्ड इफेक्ट टाकले की देशादेशांतला फरक बाद होतो, उरतो तो एकाच देशातला वर्षावर्षांचा बदल. सौदीचा गुणांक इतकी वर्षं -१०वर ठाम आहे. जे हलतच नाही त्याचं स्पष्टीकरण तेल कुठून देणार?

दुसरं, तेलाचा आकडा जीडीपीच्या टक्क्यांत घेतलाय ना? २०१४मध्ये भाव कोसळला की तो टक्का घसरतो, राजवटीत काडीचाही बदल नसताना. युद्धात जीडीपीच आक्रसला तर तोच टक्का वर चढतो. दरडोई तेल उत्पन्न घ्या, त्यात १ मिळवून लॉग घ्या, आणि एक वर्ष मागचं वापरा.

तिसरं, देशनिहाय क्लस्टर केलेल्या प्रमाण त्रुटी (म्हणजे एका देशाच्या ओळी एक गट धरून काढलेलं उत्तराच्या अनिश्चिततेचं माप) १८ गटांवर भरवशाच्या नसतात, त्या खऱ्यापेक्षा लहान येतात. वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप करा, म्हणजे तेच गणित देशवार यादृच्छिक बदल करून पुन्हा पुन्हा चालवा.

काटेकोर
जो एक्सेलमध्ये होत नाही. 'आर' उघडा.

तळटीप
हे मात्र खरं.

वाळवंटी
बरं, उघडते. युद्धाच्या वर्षांचे रिकामे आकडे शेजारच्या वर्षांवरून भरू का?

अक्षांश
अजिबात नाही. युद्ध होतं म्हणूनच ते रिकामे आहेत. कुठल्या देशाची किती वर्षं गळाली याचा तक्ता परिशिष्टात द्या. आणि ५१९पैकी रिग्रेशनमध्ये खरोखर किती ओळी गेल्या तेही इथे टाका, सॉफ्टवेअर रिकाम्या ओळी न सांगताच वगळतं.

मेर्केटर_विरोधी
तो तक्ता नकाशावर छान दिसेल.